चार फुटांची मालकी

घरात हिंस्र मासा पाळलाय म्हटलं की पाहुणे टँकच्या काचेवरचं बोट आधी मागे घेतात आणि मग विचारतात, "चावतो का हो?"

आमच्या या ऑस्कर जातीच्या माशाला चावायची गरजच पडत नाही. तो तोंड एकदम उघडतो, त्यासरशी पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर समोर असेल ते. सोललेल्या कोळंबीचा तुकडा पाण्यावर पडायचा अवकाश, 'चळक' असा ओला आवाज येतो आणि तुकडा गायब. मग साहेब कोपऱ्यात जाऊन गालफडं हलवत, कल्ल्यांतून बारीक चुरा सोडत निवांत बसतात. भरडण्याचं काम खाली घशात चालू असतं. त्याच्या सिक्लिड कुळातल्या सगळ्याच माशांना घशात एक दुसरा जबडा असतो, त्यामुळे पुढचा नुसता पकडायला मोकळा. जेवताना बोलू नये हे ज्यांना लहानपणी शिकवलं गेलं, त्यांनी ही सोय बघून हळहळावं.

त्याच्या नीतिशास्त्रात कलम एकच: तोंडात मावेल ते अन्न, मावणार नाही तो शेजारी. दुकानातलं पिल्लू बोटभर असतं आणि चेहरा असा गरीब, की लोक त्याच्या सोबतीला हौसेने निऑन टेट्रा घेतात. पिल्लू वर्षभरात फुटाच्या आसपास जाऊन पोचतं. टेट्रा रोज मोजणीत कमी भरायला लागतात आणि घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या एका काकांना हे अजिबात पटत नाही. "माशानेच मासा खायचा म्हणजे काय!" असं ते एकदा पानातल्या सुरमईचा काटा बाजूला काढताना म्हणाले. आम्ही त्याला जिवंत मासे घालत नाही हे ऐकून त्यांना बरं वाटलं. त्यात दयेचा भाग थोडा. खाऊ म्हणून घालतात त्या गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एक विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. शिवाय दुकानातल्या गर्दीतला मासा रोग घेऊन येतो तो वेगळाच. पेलेट्स, कधीमधी कोळंबी, पावसाळ्यात कुंडीतलं गांडूळ, एवढ्यावर ऑस्कर खूश असतो. पण एवढं खाणारा घाणही तेवढीच करतो. त्याच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये पोसावे लागतात आणि दर आठवड्याला बादल्या वाहाव्या लागतात. आमच्या घरात पाळीव नक्की कोण, असा प्रश्न बादली उचलताना पडतो.

आणि खातो म्हणून त्याला हिंस्र म्हणणं मला तरी पटत नाही. सिक्लिडची खरी मारामारी पोट भरलेलं असताना होते आणि ती जागेवरून होते. मध्य अमेरिकेतला कॉन्व्हिक्ट नावाचा मासा घ्या. राखाडी अंगावर काळे पट्टे, लांबी जेमतेम चार-पाच इंच. पण जोडी जमली आणि अंडी पडली की ती दोघं दुपटीने मोठ्या ऑस्करला कोपऱ्यात दाबून ठेवतात. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीवरून सज्जन माणसांनी जे केलंय ते पाहिल्यावर मला या माशांचं काही वाटेनासं झालंय.

यावर जुन्या शौकिनांचे तोडगेही पाहण्यासारखे. नवा मासा सोडायचा तर आधी आतले दगड, कुंड्या, लाकडं सगळं हलवून टाकायचं. कुणाची हद्द कुठे होती हेच कळेनासं झालं की जुने रहिवासीही नव्यासारखेच बावचळतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या खडकांत राहणारे म्बुना आणखी भांडखोर. त्यांच्यासाठी टँकमध्ये मुद्दामच दाटी करतात. राग इतक्यांत वाटला जातो की एकट्यादुकट्याचा जीव जात नाही. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, ही एवढी भांडणं कशासाठी? बहुतेकदा पोरांसाठी. ऑस्करची जोडी सपाट दगड घासूनपुसून लख्ख करते, त्यावर हजारभर अंडी घालते आणि मग दोघं मिळून पंखांनी त्यांना वारा घालत पहारा देतात. कधी काय बिनसतं कुणास ठाऊक, तीच अंडी खाऊनही टाकतात. गोव्यातली काळुंदर, म्हणजे केरळचं करिमीन, हीसुद्धा याच कुळातली, आपल्या देशातली अस्सल सिक्लिड. तिच्यातही आईबाप दोघंही अंडी-पिल्लं राखतात. 2010 मध्ये केरळने तिला राज्याचा मासा म्हणून मान दिला. त्याने तव्यावरचा मान कमी झाला नाही.

आमचा एकटाच आहे, तरी चार फुटांचा टँक त्याला पुरत नाही. ग्रॅव्हल उपसून त्याने एका टोकाला ढीग केलाय. झाडं उपटली, प्लॅस्टिकची लावली तर तीही उपटली, म्हणजे आक्षेप हिरवळीलाच दिसतो. हीटरला ढुशा देऊन त्याच्या रबरी वाट्या काचेपासून सोडवणं हा थंडीतला उद्योग. पाणी बदललं की रुसून तळाशी आडवा पडतो. पहिल्यांदा आई देवापुढची उदबत्ती विझायची वाट न बघता धावत आली होती. आता नुसतं म्हणते, "नाटकं चाललीत," आणि दोन पेलेट टाकते. नाटक संपतं.

वादाचा मुद्दा सध्या मातीच्या छोट्या कुंडीचा आहे. टँक धुतला की मी ती उजवीकडे ठेवतो, तिथे ती शोभते. संध्याकाळपर्यंत ती ढकलत ढकलत डाव्या कोपऱ्यात गेलेली असते. परवा मी चिडून बाही वर करून पुन्हा हात घातला, तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "असू दे की रे डावीकडे. राहायचंय त्याला."