जलजागृतीचा कार्यक्रम : आयोजकांसाठी उन्हाळी सूचना

आधी तालुका निवडावा. माण, खटाव, आटपाडी, जत, यांतला कुठलाही चालेल. महाबळेश्वरही माण-खटावच्याच सातारा जिल्ह्यात आहे, पण तिथं बॅनर भिजतो. माणमध्ये तिथल्या जेमतेम दहावा हिस्सा पाऊस पडतो, त्यामुळे बॅनर वर्षानुवर्षं टिकतो. फक्त सालाच्या आकड्यावर कागद चिकटवावा.

दुपारी १२ ते ३ उन्हात थांबू नये, असं आरोग्य विभाग सांगतो. म्हणून उष्माघातावरचं व्याख्यान १ वाजता ठेवावं. मंडपाला पत्रा असावा. स्वागतगीताची पोरं साडेअकरालाच उभी करावीत, पाहुणे अडीचला येतात. ताकाचा पिंप मंडपामागं झाकून ठेवावा आणि आभारप्रदर्शन झाल्याशिवाय उघडू नये.

वेळू गाव मात्र टाळावं. कोरेगाव तालुक्यातल्या या गावानं २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्याच वॉटर कप स्पर्धेत पहिला नंबर काढला, तोही खणून! स्पर्धा ४५ दिवसांची, ऐन उन्हाळ्यातली. श्रमदानाला लोक उन्हं चढायच्या आत निघतात, म्हणजे पाहुण्यांच्या झोपेच्या वेळेत. दोन वर्षांनी माणमधल्या टाकेवाडीनंही पहिला नंबर मिळवला. साथ पसरते ती अशी.

या लोकांकडं प्रोजेक्टर नसतो. तीन काठ्यांची एक घोडी असते, इंग्रजी ‘ए’सारखी. शेंड्याला दोरी, दोरीला दगड. घोडी उतारावर उभी करायची, दगड हलायचा थांबू द्यायचा. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा. अशी फक्कीची रेघ डोंगराला वळसा घालत जाते आणि तिच्यावर चर खणला की पाणी पळायचं सोडून मुरतं. सातवीतल्या पोरीलाही हे जमतं. तेव्हा तज्ज्ञांच्या मानधनाचा विषय तिच्यासमोर काढू नये.

भाषणात ऊसही काढू नये. पाहुण्यांचा कारखाना असू शकतो. सांगली जिल्ह्यातल्या बलवडी-तांदुळवाडीकरांनी ऊस काढला होता. येरळा नदीची वाळू ठेकेदारांच्या हातून सोडवली, त्यातली थोडी विकून बळीराजा धरणाला पैसा उभा केला आणि ठरवलं : या पाण्यावर ऊस नाही, वाटा सगळ्यांना सारखा, जमीन नसलेल्यालाही. एवढा उतारा वाचायचाच झाला तर पाहुण्यांचा रसाचा ग्लास आधी संपू द्यावा.