अप्पा, वर्ग तीन (निवृत्त)

मंत्रालयात अप्पांची अख्खी नोकरी वर्ग तीनमध्ये गेली, त्यामुळे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्यांना पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. इथेही वर्ग, इथेही बढती. पाचव्या वर्गातला घोडा जिंकत गेला की रेटिंग ठरवणारा हँडिकॅपर त्याचं रेटिंग वाढवतो आणि एक दिवस तो चौथ्यात जाऊन पडतो. "बढती मिळाली, संपला बिचारा!" म्हणत अप्पा त्याच्या नावावर फुली मारतात.

बाकीचे घोड्याचा मागचा नंबर बघतात. चष्मा कपाळावर सारून, रेसचं पुस्तक नाकाशी धरून अप्पा विचारतात, "पहिला आला, पण कोणात?" चौथा वर्ग २० ते ४६ रेटिंगचा, तिसरा ४० ते ६६ चा. म्हणजे ४४ चा घोडा दोन्हीकडे पळू शकतो. रेटिंग जास्त तसं पाठीवरचं वजन जास्त, एका अंकाला अर्धा किलो, या हिशेबाने चौथ्यात त्याच्या पाठीवर जवळजवळ सगळ्यांत जास्त ओझं. तिसऱ्यात तोच आठ-दहा किलो हलका, पण समोर पोचलेली मंडळी. "ट्रेनर त्याला कुठे घालतो ते बघा, त्याच्या पोटातलं कळेल," हे अप्पांचं ब्रह्मवाक्य.

अप्पांचा लाडका घोडा म्हणजे तिसऱ्यात चौथा-पाचवा येऊन आता चौथ्यात उतरलेला. तर्क बिनचूक. अडचण एवढीच, की तो बुकीलाही ठाऊक असतो. भाव रुपयाला पन्नास पैसे! जिंकला तर वडापाव सुटतो, हरला तर पेन्शनला भोक पडतं.

ही नजर घरीही निवत नाही. भाच्याने पेढा पुढे केला, "अप्पा, क्लासमध्ये पहिला आलो!"

"कोचिंगच्या ना? बोर्डात पळ, मग बघू."

पुतणीला सुवर्णपदकवाला मुलगा सांगून आला, तेव्हा अप्पांनी पाहुण्यांदेखत विचारलं, "विषयाला एकूण विद्यार्थी किती होते?"

"चार."

"त्यातले परीक्षेला बसले किती?"

स्थळ परत आलं नाही.

फेब्रुवारीत इंडियन डर्बी. चार वर्षांचे निवडक घोडे, २४०० मीटर, हँडिकॅपरची लुडबुड नाही. अप्पांनी ठेवणीतली नोट लावली आणि घोडा शेवटून दुसरा आला. परतीच्या लोकलमध्ये सोबत्याने हळहळून खांद्यावर हात ठेवला, तर अप्पा ताठ बसून म्हणाले, "अहो, पाचव्या वर्गातल्याने बुडवलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. आम्हाला डर्बीच्या घोड्याने बुडवलंय!"