अर्थिंगची पिन कापणाऱ्या मिस्त्रीस

मिस्त्री,

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची रीत आहे. ती मी मोडतो आहे, कारण तुमच्याबद्दल मनात प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही. ज्या पार्लरमधून हे जुनं व्हिडिओ गेमचं मशीन मी रत्नागिरीला घरी आणलं, ते केव्हाच बंद झालं आणि त्याच्या मालकालाही तुम्ही आठवत नाही. तुमचं काम मात्र मी आतून-बाहेरून पाहिलंय.

मशीनमध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे. कॅपकॉमचा 1993 सालचा खेळ, आपल्याकडच्या पोरांनी त्याला ‘मुस्तफा’ म्हणून डोक्यावर घेतलं. शाळेतून परस्पर पार्लरला जाणारी एक अख्खी पिढी या खोक्यापुढे उभी राहिली. खाली हवाई चपला, पावसाळ्यात ओले पाय, आणि हात नाणं टाकायच्या लोखंडी दरवाजावर. तो दरवाजा तुम्ही जिवंत करून ठेवला होता.

माझ्या भाचीने त्याला हात लावला आणि किंचाळून मागे झाली. पायात रबरी चप्पल होती म्हणून झटक्यावर निभावलं. प्लग ओढला आणि पाहिलं, तर तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड, लांब पिन गायब. मोडली असती तर समजून घेतलं असतं. तुम्ही ती करवतीने कापली होती आणि वर कानस मारून टोक गुळगुळीत केलं होतं. एवढं निगुतीने काम करायला तुम्हाला वेळ होता.

तरी मी घाईने तुमच्यावर आळ घेतला नाही. अर्थिंग नसेल तर गेमच्या बोर्डाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळेही बॉडीला झिणझिण्या येतात, टेस्टरसुद्धा पेटतो. तो करंट अगदी थोडा असतो, त्याने फिलामेंटचा बल्ब पेटत नाही. म्हणून दरवाजा आणि घरातली चांगली अर्थिंग यांच्यामध्ये 15 वॉटचा तसा बल्ब लावला. बल्ब पेटला. म्हणजे ही कपॅसिटरची किरकोळ गळती नव्हती, मेन्स थेट दरवाजापर्यंत पोहोचली होती. आणि गळती ओळखून वीज तोडणारी घरातली 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी गप्प राहिली. ही गळती डायोडमधून येत होती, कशी ते पुढे सांगतो; अशी अर्ध्या लाटेची गळती साध्या, एसी प्रकारच्या आरसीसीबीला ओळखता येईलच याची खात्री नसते. ‘घरात आरसीसीबी आहे, मग अर्थिंग कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मग मागची फळी काढली. तळाच्या प्लायवूडवर स्क्रूची चार भोकं आणि धूळ न बसलेला एक चौकोन. शेजारी दोन वायरी पिळून एकमेकींना जोडलेल्या, वर काळी टेप, उन्हाळ्याने पाघळलेली. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर होता. आत 230, बाहेर 230. व्होल्टेज बदलत नाही म्हणून तो तुम्हाला फुकटचा वाटला असेल, किंवा त्यातलं तांबं मोलाचं वाटलं असेल. त्याचं काम मॉनिटरला मेन्सपासून तोडून ठेवणं हे असतं. या मॉनिटरची चेसिस जुन्या टीव्हीसारखी आहे: मेन्स सरळ ब्रिज रेक्टिफायरमध्ये जाते आणि चेसिसची ग्राउंड फेजशी डायोडनेच जोडलेली राहते. तीच ग्राउंड चित्राच्या वायरीतून गेमच्या बोर्डावर आणि तिथून एसएमपीएसमार्फत सगळ्या लोखंडी बॉडीवर येते.

ट्रान्सफॉर्मर काढून तुम्ही मशीन डायरेक्ट केलंत. चालू करताच फेज डायोडमधून अर्थला भिडली आणि फ्यूज उडाला. उडणारच होता, त्यासाठीच तो बसवलेला असतो. इथे थांबून विचार करायला हवा होता. तुम्ही काचेच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीत. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा अर्थिंगची पिन कापलीत. मशीन सुरू झालं, मालक खूश झाला, तुम्ही पैसे घेऊन गेलात. फॉल्ट जागेवरच राहिला आणि त्याची खबर देणारे सगळे तुम्ही गप्प केलेत.

गेम मधूनच रीसेट होत होता, तिथेही तुमची हीच रीत. बोर्डाला 5 व्होल्ट लागतात, 4.75 ते 5.25 एवढीच सूट. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने बोर्डाला मशीनच्या वायरिंगशी जोडणाऱ्या 56 पिनांच्या जॅमा कनेक्टरवर हिरवा गंज धरला होता आणि व्होल्टेज तिथेच मरत होतं. खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसलं की होणारं ते काम. तुम्ही एसएमपीएसचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा पॉट पिळून व्होल्टेज 5.6 वर नेऊन ठेवलंत. उद्या कुणी कनेक्टर साफ केला असता, तर तेवढं सगळं व्होल्टेज चिप्सवर गेलं असतं आणि तीस वर्षांपूर्वीचा बोर्ड कायमचा जाऊ शकला असता.

तुमचा बचाव मला माहीत आहे, कारण तो मी इथल्या बऱ्याच जणांकडून ऐकलाय: ‘कोकणात कातळ, जांभ्यात अर्थिंग लागतंय कुठे?’ जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, हे खरं. खड्ड्यात कोळशाबरोबर घातलेलं मीठ इथल्या 3,000 मिलिमीटरच्या पावसात वाहून जातं, हेही खरं. म्हणून तर इथे खड्डा खोल घ्यायचा, पाइपात पाणी घालत राहायचं, मीठ-कोळसा पुन्हा भरायचा आणि अर्थ टेस्टरने रेझिस्टन्स मोजायचा. जिथे अर्थिंग अवघड, तिथे ती जास्त जपायची असते. वर्षातले चार महिने भिंतींना ओल आणि माणसांचे पाय ओले असतात, अशा मुलखात तुम्ही ती कापलीत.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे ‘जमण्यासारखं नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. 230 ते 230 चा नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. मॉनिटरच्या चेसिसला हात लावण्याआधी पिक्चर ट्यूबचा चार्ज उतरवला, कारण प्लग काढल्यावरही तिथे हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी असतात, तोही रिकामा करून घेतला. चांदी फेकून योग्य रेटिंगचा फ्यूज घातला. तीन पिनांचा प्लग लावला, हिरवी वायर दरवाजा आणि कंट्रोल पॅनलच्या पत्र्याला स्क्रूने आवळली आणि प्लगच्या पिनेपासून दरवाजापर्यंत कंटिन्युइटी पाहिली. कनेक्टर साफ केल्यावर पॉट खाली आणला, बोर्डावरच मोजून 5.05 वर ठेवला. यातलं काहीही तुमच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं. कापायची जागा ज्याला अचूक सापडते, त्याला जोडायची जागाही माहीत असते.

तुम्ही एकाच मशीनवर थांबला नसाल. पार्लरं बंद झाली आणि ती खोकी आता हौशी लोकांच्या घरी, हॉटेलांच्या कोपऱ्यांत, माळ्यांवर जाऊन पडली आहेत. कुणीतरी मुलांना आपलं बालपण दाखवायचं म्हणून ती सुरू करणार आहे. त्या सगळ्यांना माझं सांगणं: प्लग लावण्याआधी तिन्ही पिना मोजा, फ्यूज काढून डोळ्यांनी पाहा, तळाला ट्रान्सफॉर्मर आहे का ते बघा. यातलं काही कमी असेल तर जाणत्या माणसाने उघडून तपासेपर्यंत मशीनला वीज देऊ नका.

आणि तुम्ही, मिस्त्री, कुठे कुठे हात मारलात ते तुम्हाला नक्की आठवत असेल. त्या प्रत्येक ठिकाणी जा, कापलेलं जोडून द्या आणि त्याचे पैसे मागू नका. ते तुम्ही आधीच घेतलेले आहेत.

एक मशीनवाला,
रत्नागिरी