पाठ मैदानाकडं

कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांची गाठ पडली, की शाहू स्टेडियमची गॅलरी दुपारपासूनच भरायला लागते. त्या गर्दीत एक माणूस असा असतो, जो मॅचच बघत नाही. मैदानाकडं पाठ करून तो कठड्यावर चढलेला असतो. डोक्याला बांधलेला रुमाल घामानं भिजलेला, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, आणि तोंडानं एकच घोषा चाललेला : “बसलाईसा काय? सुतकाला आलाईसा व्हय? वरडा की!”

प्रत्येक तालमीत असा एक असतोच. त्याला आपण अण्णा म्हणू. तालमीच्या पदाधिकाऱ्यांत अण्णाचं नाव नसतं, पण चौकातल्या फ्लेक्सवर फोटो हमखास असतो, तोही गॉगल घातलेला. पोटापाण्याला तो कुठंतरी चांदीकाम करतो, नाहीतर गुजरीत सोन्या-चांदीच्या दुकानात असतो, नाहीतर रिक्षा चालवतो. मालकाला हंगामाचं वेळापत्रक तोंडपाठ असल्यामुळं तो रजेचं कारण विचारत नाही. अण्णाचा मामा आजवर किती वेळा आजारी पडला, याचा हिशेब त्यानं कधीच सोडून दिलाय.

अण्णा स्वतः कधी खेळला का? विरोधी पेठ सांगते, की शाळेत त्याला एकदा गोलकीपर केला होता, तर तिथंही तो प्रेक्षकांकडं तोंड करून उभा राहिला. विरोधी पेठेचं सगळं खरं धरू नये. निम्मं धरावं.

बाहेरगावच्या माणसाला हा प्रकार कळायला जरा वेळ लागतो. कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो तालमींच्या अंगणात. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळं इथला संघ कुणा मालकाचा नसतो, पेठेचा असतो. सेंटर फॉरवर्ड हा शेजारच्या बोळातल्या काकूंचा धाकटा असतो. समोरच्या संघाचा गोलकीपर कुणाचा जावई, त्यानं गाडीचे हप्ते कुठं थकवलेत, हे सगळं गॅलरीला ठाऊक असतं. परदेशातल्या मोठ्या क्लबांचे प्रेक्षक गोलकीपरला नुसत्या शिव्या घालतात. आमच्या गोलपोस्टमागची पोरं त्याच्या सासऱ्याचं नाव घेऊन हाक मारतात. पेनल्टी अडवायला वाकलेला माणूस त्या हाकेनं जास्त हलतो.

पण अण्णाचं खरं कसब हलगीत. स्टेडियमबाहेर रद्दी पेटवून हलगी शेकायची, कातडं खणखणीत तापलं का ते बोटानं बघायचं, मग घुमकं आणि कैताळ वाजवणाऱ्यांना इशारा द्यायचा. चेंडू मधल्या पट्ट्यात घोळत असला, की चाल संथ. विंगरनं कडेनं पळ काढला, की हलगी चढायला लागते. आपल्याला कॉर्नर मिळाला, की कडकडाट. आणि आपली पेनल्टी असली, तर अण्णा नुसता एक हात वर करतो. क्षणात हजारो माणसं चिडीचूप. हे सगळं पाठ फिरवून कसं जमतं, असं कुणी विचारलं तर तो म्हणतो, “तोंडं दिसत्यात की माणसांची! चेंडू बघून काय करायचाय?” त्यानं आयुष्यातले सगळे गोल लोकांच्या चेहऱ्यावर बघितलेत. गोल झाल्यावर सगळ्यांत आधी नाचणारा तोच, आणि नाचता नाचता शेजारच्याला “मारला कुणी रं?” असं विचारणाराही तोच.

घोषणांच्या बाबतीत मात्र अण्णा काटकसरी. “येऊन येऊन येणार कोण” ही त्याची हुकमी घोषणा. तीच महापालिकेच्या निवडणुकीला चालते, तीच गणपतीच्या मिरवणुकीत. शेवटी फक्त नाव बदलायचं. एकदा भर मॅचमध्ये सवयीनं वॉर्डातल्या उमेदवाराचं नाव तोंडातून गेलं, आणि गॅलरीनंही ते तितक्याच जोरात म्हटलं.

त्याला शिकायचीही हौस. २०१० च्या विश्वचषकातली वुवुझेला त्यानं आणून बघितली. हलगीचा आवाज दाबते म्हणून तीन पोरांच्या हातातून काढून घेतली. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या लोकांनी डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवल्या, तेही त्यानं मोबाईलवर पाहिलं. ते करून बघताना दोन टाळ्यांमधली शांतता पेठेला काही सोसवली नाही. त्या मोकळ्या जागेत प्रत्येकानं आपापली शिवी घालून घेतली.

बालेवाडीला एफसी पुणे सिटीची मॅच बघायला गेला, तेव्हा तर तो हिरमुसला होऊन परत आला. तिथं माईकवरनं एक माणूस सांगत होता, आता ओरडा, आता टाळ्या वाजवा. अण्णा दोन दिवस तेच सांगत होता : “वरडायला पगारी माणूस ठेवलाय मर्दा त्यांनी!” ही त्याच्या लेखी अधर्माची परिसीमा. केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या गटाबद्दल मात्र तो आदरानं बोलतो. “त्यास्नी जमतंय,” एवढंच म्हणतो, पण अण्णाच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्री.

दगड आणि बाटल्या फेकणाऱ्यांशी अण्णाचं पटत नाही. हे त्याचं संतपण नव्हे. दंगा झाला की मॅच थांबते, पोलीस गॅलरी रिकामी करतात, आणि अण्णाच्या कलेला व्यासपीठ उरत नाही. बाटली उचललेल्या पोराच्या कानाखाली त्यानं आवाज काढलेला मी पाहिलाय, आणि त्याच दमात रेफ्रीच्या डोळ्यांबद्दल केलेलं विवेचनही ऐकलंय. ते छापण्यासारखं नाही.

पावसाळ्यात मैदान बंद, तेव्हा अण्णा सुकतो. चार वर्षांतून एकदा विश्वचषक येतो, मग पुन्हा टवटवी येते. चौकात मेस्सीचं कटआउट विरोधी पेठेचं, तर नेमारचं आपलं एक वीत उंच पाहिजे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा अण्णा टीव्हीसमोर बसला खरा, पण सवयीप्रमाणं पाठ टीव्हीकडं आणि तोंड घरच्यांकडं.

समोरच्या गॅलरीतही असाच एक अण्णा असतो, आणि दोघांचं वैर जुनं. गेल्या हंगामात त्या समोरच्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्या मॅचला आमच्या अण्णाची हलगी कडाडली, पण पलीकडनं उत्तरच येईना. आपण तीन गोलांनी जिंकलो, तरी अण्णा तोंड पाडून बाहेर पडला. म्हणाला, “मजा न्हाई. भिंतीशी भांडल्यागत झालं.” दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन तो थेट विरोधी पेठेत शिरला. त्या पेठेतल्या पोरांनी आधी त्याला अडवला, मग पिशवी तपासून सोडला.

डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली होती. अण्णानं तब्येतीची चौकशी केली, काल तुमचा डिफेन्स कसा झोपला होता तेही सविस्तर सांगितलं. समोरच्यानं शांतपणे ऐकून घेतलं, नातवाची पाटी ओढली आणि ठसठशीत अक्षरात एक शिवी लिहून दाखवली.

अण्णानं त्या पाटीचा फोटो काढला. रात्री तालमीच्या कट्ट्यावर तो मोबाईल सगळ्यांच्या हातातून फिरला. “सुधारतंय गडी,” अण्णा म्हणाला, “पुढच्या मॅचला येतंय बघा!”