आतला माल

संगणक मुलांना समजावून सांगायचा तर उघडूनच, असा प्रस्तुत लेखकांचा दंडक आहे. फळ्यावर चौकोन काढून ‘हा मेंदू, हे डोळे’ म्हणणाऱ्यांची त्यांना कीव येते. म्हणून मे महिन्यात सोसायटीची पोरं पार्किंगमध्ये जमली आणि माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली आला, तेव्हा लेखकमहाशयांच्या अंगात साक्षात विज्ञानप्रसार संचारला होता. चष्मा कपाळावर, स्क्रूड्रायव्हर कानावर, आणि सहज सुचल्यासारखी वाटतील अशी वाक्यं आदल्या रात्रीच पाठ केलेली.

झाकण निघालं. धूळ उडाली. ब विंगमधला एक चौथीतला वाकून म्हणाला, “काका, एवढा मोठा डबा आणि आत रिकामाच?”

हे वाक्य पाठांतरात नव्हतं. तरी लेखक सावरले. आतली मोकळी जागा हवेसाठी असते, प्रोसेसर तापतो, त्याच्या डोक्यावर पात्यापात्यांचा धातू बसवून पंख्यानं उष्णता बाहेर ढकलावी लागते, हे त्यांनी सांगितलं. १९७१ साली इंटेलच्या ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते, आज चांगल्या मोबाईलच्या नखाएवढ्या चिपवर हजार कोटींहून जास्त असतात, हेही सांगितलं. हजार कोटींचा मुलांवर काही परिणाम झाला नाही. असे आकडे ती बातम्यांत रोज ऐकतात.

मग रॅम आली. इथे लेखकांनी आपलं राखीव अस्त्र काढलं. “हार्ड डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. लागेल तेवढंच ओट्यावर काढायचं.” श्रोत्यांच्या आयांपैकी एकीनं कौतुकानं मान हलवली. लेखक फुलले.

“मग लाईट गेली की ओट्यावरचं नाहीसं का होत नाही?” चौथीतल्यानं विचारलं.

आई हसली. लेखकही हसले, जरा उशिरा. खरं तर पोरानं नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये भरलेला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून नेहमीच्या रॅममध्ये ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा सगळं नव्यानं घोकायचं, आणि वीज गेली की पाटी कोरी. “आमच्या संस्कृतच्या बाई अशाच घोकून घेतात,” असं मागून कुणीतरी म्हणालं.

इथे थांबायला हवं होतं. पण स्मृतीचा विषय निघाला की लेखकांना फेराइटची कडी आठवतात, आणि ती आठवली की घरची माणसं हळूच उठून कामाला लागतात. पूर्वीच्या संगणकांची स्मृती अशा मोहरीएवढ्या चुंबकीय कड्यांची असे. तारांच्या जाळीत जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे एक कडं, आणि एका कड्यात एक बिट. भारतात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक असलेल्या टिफ्रॅकमध्येही अशीच कडी होती. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६०मध्ये चालू झाला आणि नाव त्याला पुढे पंडित नेहरूंनी दिलं. या कड्यांना वीज गेल्याचं सोयरसुतक नसे, चुंबकत्व तसंच राही. मात्र त्यांची खोड निराळी होती: वाचायला गेलं की वाचता वाचता मजकूर पुसला जाई आणि लगेच परत लिहावा लागे.

आणि ही कडी ओवायची कुणी? बहुतेक ठिकाणी बायकांनी, भिंगाखाली धरून, हातानं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलोच्या संगणकाचा प्रोग्रॅम तर मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायकांनी अक्षरशः विणला होता. तार कड्यातून गेली तर एक, बाजूनं गेली तर शून्य. त्या संगणकाची खोडता येणारी स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची. आज व्हॉट्सअॅपवर येणारं गुड मॉर्निंगचं चाळीस केबीचं फूल कड्यांत साठवायचं तर सव्वातीन लाखांहून अधिक कडी ओवावी लागतील, असा हिशेब लेखकांनी विजयी मुद्रेनं मांडून वर पाहिलं. मुलं क्रिकेट खेळायला गेली होती.

एक सातवीतली तेवढी उरली होती. तिनं घरातला बंद पडलेला टॅब्लेट आणला होता. “ह्याचं आतलं दाखवा ना.”

लेखकांनी तो उलटापालटा केला. एकही स्क्रू नाही. काच डिंकानं चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली, रॅम पाटीवर झाळलेली. सत्तरच्या दशकातल्या ॲपल टू संगणकाच्या माहितीपुस्तकात सर्किटचे नकाशे छापलेले असत, ज्याला हवं त्यानं बघावं म्हणून. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणानं सहावीपासून कोडिंग आणलं, आणि ते ज्या वस्तूवर चालतं तिला झाकणच उरलेलं नाही. मोबाईलची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी म्हणून युरोपीय संघाला कायदा करावा लागला, तो २०२७पासून लागू होणार. त्या मुलीला आत बघायचं होतं, एवढंच. तिच्या वयात ही इच्छा फार दिवस थांबत नाही, आणि ‘उघडत नाही गं’ म्हणताना लेखकांना खरोखरीचा राग आला. कुणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यांनी तो हार्ड डिस्कवर काढला. तिचे स्क्रू सहा पाकळ्यांचे. तेही निघेनात.

तेवढ्यात भंगारवाला आला. त्यानं पिशवीतून नेमका स्क्रूड्रायव्हर काढून डिस्क उघडली. आत आरशासारखी तबकडी. “हिच्यात चेहरा बघ,” तो मुलीला म्हणाला. मग चुंबक काढून त्यानं गेटला चिकटवला, आणि बॅटिंग सोडून सगळी टीम गोळा झाली. “ही पट्टी हातात घे. हे पिवळे दात दिसतात ना, सोन्याचं पाणी आहे. पात्यापात्यांचं ते ॲल्युमिनियम. पंख्यात तांबं.” सोनं कसं काढतात, कुणी विचारलं. “अॅसिडात. आपण नाही करत, दिल्लीला जातं. फुप्फुसं जातात त्यात माणसाची.” मुलं गप्प झाली, मग प्रश्नांचा पाऊस पडला. लेखकांना दिवसभरात आला नव्हता एवढा.

सामान भरता भरता लेखकांनी त्याला टिफ्रॅक सांगायला घेतला. कडी, तारा, भिंग, नेहरू. त्यानं मध्ये एकदाही न उठता सगळं ऐकलं. असा श्रोता लेखकांना आयुष्यात भेटला नव्हता.

“त्या मशिनीत तांबं किती असंल?”

कड्यांचा हिशेब लेखकांना तोंडपाठ होता. तारेचं वजन त्यांनी कधी काढलं नव्हतं.

“चौकशी करून ठेवा साहेब,” वजनकाटा गुंडाळत तो म्हणाला. “मुंबईत आमचा साडू आहे, टेम्पो घेऊन जाईल.”