साईड मंजूर

पुढच्या वाहनास ओलांडून जाण्यासंबंधीचे आपले नियम ज्यांनी लिहिले, त्यांचा मनुष्याच्या सौजन्यावर केवढा गाढ विश्वास असला पाहिजे, याची प्रचीती आंबा घाटात साखरप्याकडून वर चढणाऱ्या ट्रकच्या मागे सापडल्याखेरीज यावयाची नाही. १९८९च्या नियमावलीने फर्माविले होते की, पुढील चालकाने तशी खूण केल्यावाचून मागच्याने त्यास ओलांडू नये. वळणावर, चढावर किंवा पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल तेथे तर मुळीच नव्हे. आणि कोणी ओलांडीत असता पुढच्याने आपला वेग वाढवू नये. २०१७ साली नवी नियमावली आली. रस्त्यावरील दरबाराचा दस्तूर मात्र जुनाच राहिला.

मागच्याने प्रथम हॉर्न वाजवून तोंडी अर्ज गुजरावा, दाद न लागल्यास डिपर मारून स्मरणपत्र धाडावे, आणि हुजुरांची मर्जी होईतो धूर गिळीत बसावे. (ट्रकच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या जाहीर निमंत्रणास महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली मनाई केली, पण ती अर्जदारांच्या कानी जावी एवढी शांतता रस्त्यावर असते कोठे?) यथावकाश ट्रकचा उजवा इंडिकेटर लुकलुकू लागतो. ही ‘खुशाल जा’ अशी मंजुरी, की ‘मी उजवीकडे वळतो आहे’ अशी ताकीद, याचा निवाडा अर्जदारानेच करावयाचा, आणि तो चुकल्यास अपील नाही. कधी चालकाचा हातच खिडकीबाहेर येतो; तो साईड देतो आहे की विडीची राख झटकतो आहे, हे त्या बोटांवरून ओळखण्यास मोठा व्यासंग लागतो.

ट्रकवाला निदान मंजुरी देतो तरी. खाजगी मोटारीचे मालक त्याहून मानी. ज्यांचा काटा आतापर्यंत चाळिसावर निवांत पहुडलेला असतो, त्यांना आपल्या शेजारी दुसऱ्याचे चाक दिसताच कुळाची अब्रू आठवते, ॲक्सिलरेटरवर पाय पडतो, आणि समोरून एसटी येत असताना दोन सद्गृहस्थ एकमेकांकडे ढुंकूनही न पाहता जोडीने धावू लागतात. बेकायदा ओव्हरटेक करणाऱ्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शेजारी ज्याने वेग वाढविला तो मात्र पंचनाम्याच्या वेळी कडेला उभा राहून ‘साहेब, मी तर आपल्या बाजूनेच चाललो होतो’ असा जबाब देतो, आणि तो अक्षरशः खरा असतो.