दोन टोकांचे नाना

झालाना डुंगरीच्या रस्त्याला नाना समोरून येताना दिसले, की जाणता माणूस कोपरं अंगाशी घेतो. नाना प्रात्यक्षिकाशिवाय बोलत नाहीत.

मूळचे रत्नागिरीचे. झालानातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कचेरीत दगड तपासत निवृत्त झाले आणि जयपुरातच राहिले. गुडघा बदलल्यापासून मात्र दगड मागे पडला. "खालची पाटी टायटॅनियमची बरं का! आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटमध्येही तेच असतं." म्हणजे गुडघा गाववालाच.

इथवर ठीक असतं. मग जंतू येतात. सांध्यातल्या धातूवर ते एकदा बसले, की स्वतःभोवती बुळबुळीत थर उभारतात आणि रक्तातून आलेलं अँटिबायोटिक बाहेर ताटकळतं. मग औषधच आधीपासून धातूवर नेऊन बसवलं तर? या प्रश्नाबरोबर नाना तुमचं कोपर धरतात. "मी पेप्टाइड. अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. या टोकाने धातू धरला." धातू म्हणजे तुम्ही. दुसऱ्या हातातली भाजीची पिशवी म्हणजे औषधाची सूक्ष्म कुपी, जागेवर थोडीथोडी झिरपणारी. जपानी संशोधकांनी २००३ साली टायटॅनियमला धरणारा १२ अमिनो आम्लांचा पेप्टाइड मांडला; त्यातही खरी पकड सहांचीच. नानांची पाचांची, पण सुटत नाही.

तेवढ्यात ते कोकणच्या खडकांवर जातात. लाटांचा मार खात दगडाला धरून राहणारे शिनाणे या विद्येतले गुरू. त्यांच्या प्रथिनांतलं डोपा नावाचं अमिनो आम्ल ओल्या दगडावरही चिकटतं. हे बहुतेक सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे, एवढं एकच वाक्य नाना घाईने उरकतात.

परवा झालानातल्याच बिबट्यांच्या जंगलाच्या फाटकावरचा चौकीदार त्यांच्या तावडीत सापडला. बिचाऱ्याने जंतू, कुपी, शिनाणे सगळं ऐकून घेतलं आणि पँटचा पाय वर केला. गुडघ्याखाली कृत्रिम पाय, जयपूर फूट! रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठींनी घडवलेला, शेजारच्या मालवीय नगरात फुकट बसवून मिळतो तो.

"नानाजी, मैं तो रात को खूँटी पर टाँग देता हूँ. कीड़े लगें तो खूँटी को लगें."

नाना क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी त्याचं दुसरं कोपर धरलं.

"खुंटी भिंतीला कशाने धरलीय?"